मला काळी सोंगटी का दिली नाहीस?

हेमंत,

शनिवारी संध्याकाळी सहा वाजता क्लबरूममध्ये आपण पुन्हा 'गाव' खेळलो. लिहिताना 'आपण' असंच लिहिलं गेलं, तर तसंच राहू दे. तू गेल्यानंतरचा हा पहिला खेळ. हजर सात जण: तुझ्याकडून वैशालीवहिनी, माझ्याकडून माधवी, आमची लेक इरा आणि मी, तळमजल्यावरचे सावंतकाका, तिसऱ्या मजल्यावरची सुजाता कांबळे आणि दुकान बंद करून धावत आलेला जिग्नेश. कॅरमच्या सोंगट्या सहा: तीन पांढऱ्या, दोन काळ्या, एक राणी. स्ट्रायकर एक. पणाला लागलेली रक्कम नेहमीचीच: हरलेल्या बाजूने सगळ्यांचा चहा करायचा आणि पहिला कप स्ट्रायकरवाल्याला द्यायचा.

तुझी जन्मतारीख, नोकरी, शिक्षण, आजार हे सगळं खाली नोटीस बोर्डावर लागलं आहे. फोटो तो टाय लावलेला, ज्यात तू दुसऱ्याच कुणाचा तरी भाऊ वाटतोस. ते मी इथे पुन्हा लिहीत नाही. मला तुझ्याशी एका राहिलेल्या प्रश्नाबद्दल बोलायचं आहे, आणि शनिवारी काय झालं ते सांगायचं आहे.

आधी नियम. तू हसशील, "अव्या, मेल्यावरही नियम?" म्हणून. पण हे दुसऱ्या कुणी वाचलं तर त्याला कळायला हवं.

सात-आठ माणसं गोल उभी राहतात. प्रत्येकाला गुपचूप एक सोंगटी मिळते. पांढरी म्हणजे गावकरी, काळी म्हणजे चोर, राणी म्हणजे पोलीस. कुणी कुणाला सांगायचं नाही. मग स्ट्रायकरवाला, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणतो, "गाव झोपलं," आणि सगळे डोळे मिटतात. "चोरांनी उठा," म्हटल्यावर दोघं चोर डोळे उघडतात, एकमेकांना ओळखतात आणि बोटाने एक घर दाखवतात. ते घर लुटलं गेलं, तो माणूस बाहेर. मग पोलीस उठून एकाकडे बोट दाखवतो, आणि तो चोर आहे की नाही हे स्ट्रायकरवाला मानेने सांगतो. मग सकाळ होते, आणि भांडण सुरू. चोर कोण, यावर सगळ्यांनी बोलायचं आणि शेवटी हात वर करून एकाला गावाबाहेर काढायचं. दोन्ही चोर निघाले तर गाव जिंकलं. उरलेल्यांत चोर आणि बाकीचे सारखेच झाले तर गाव हरलं. बस, एवढंच.

सगळा खेळ त्या पहिल्या मिनिटावर उभा आहे: सोंगटी कुणाला कुठली गेली. ते वाटप सरळ झालं नाही तर पुढच्या भांडणाला अर्थ नाही. हे मी तुला पहिल्यापासून सांगत आलो.

तुझी वाटायची रीत तुझीच होती. आम्ही गोलात, तोंड आत करून उभे राहायचो आणि हात पाठीमागे, ओंजळीसारखे उघडे. तू बाहेरून चालत फेरी मारायचास. चप्पल काढून, म्हणजे पाऊल कुठे थांबलं ते ऐकू येऊ नये. दोन फेऱ्या रिकाम्या, मग कधीतरी हातात थंड, गुळगुळीत सोंगटी पडायची. लहानपणी 'मामाचं पत्र हरवलं' खेळताना पाठीमागे रुमाल पडतोय की काय याची जी धाकधूक असायची, तीच. पन्नाशीच्या माणसांना तू ती परत दिलीस. त्याबद्दल आभार मानायचे राहिले आहेत.

पण हेमंत, ती रीत सरळ नव्हती. कुणाच्या हातात काय पडतंय हे तुला माहीत असायचं, कारण तूच ठरवायचास.

मला काळी एकदाच आली. अगदी पहिल्या शनिवारी. तुला आठवत असेलच. मी डोळे उघडले तर समोर सुजाता माझ्याकडे बघून हसत होती, आणि सकाळ झाल्यावर माझी वाचाच बसली. एरवी सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या बिलावर बोलायला लागलो तर तू मागून शर्ट ओढायचास, तो मी भिंतीकडे बघत गप्प. माधवी म्हणाली, "अहो, तुमचे कान लाल झालेत." सगळे हसले, सगळ्यांनी हात वर केले, मी बाहेर. चहाचं पाणी उकळायच्या आत खेळ संपला. मीही हसलो. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं.

त्यानंतर कधीच नाही. पांढरी, पांढरी, कधीतरी राणी, परत पांढरी. सात जणांत दोन काळ्या, दर शनिवारी तीन डाव. सरळ वाटप असतं तर मला महिन्यातून तीन-चार वेळा तरी काळी यायला हवी होती. महिना गेला, पावसाळा गेला, दिवाळी गेली. नाणं उडवावं आणि दरवेळी छापाच पडावा, तर माणूस नशिबाला दोष देत नाही, नाणं उलटून बघतो. मीही बघितलं.

आपले सगळे वाद चौथ्या मजल्यावर तुझ्या दाराबाहेर व्हायचे. लिफ्ट असूनही आपण जिन्याने चढायचो, तुझं घर यायचं, मला अजून एक मजला असायचा, आणि मी पहिल्या पायरीवर एक पाय ठेवून बोलत राहायचो. आतून वहिनी ओरडायच्या, "आत तरी या, नाहीतर जा तरी!" आपण दोन्ही करायचो नाही.

तिथेच मी विचारलं, "तू सोंगट्या बघून वाटतोस ना?"

"बघूनच वाटणार. आंधळेपणाने वाटायला मी काय लॉटरीवाला आहे?"

"मला काळी येतच नाही."

"मग चांगलं आहे की. इमानदार माणूस आहेस."

"चांगलं-वाईट नाही रे. चूक आहे ते. एकाला कधीच काळी येत नाही, हे एकदा लोकांच्या लक्षात आलं की खेळ मेला. अव्या बोलतोय म्हणजे खरंच असणार, असं होणार."

"झालंय ते आधीच," तू म्हणालास, आणि किल्ली शोधायला लागलास.

"आणि दुसरं. माझ्या वाटची काळी हवेत जात नाही. ती कुणाच्या तरी हातात जाते. त्याला त्याच्या वाट्यापेक्षा जास्त."

"ज्याला आवडते त्याला जाते."

"विचारलंस त्याला?"

तू किल्ली लावलीस, दार उघडलंस आणि म्हणालास, "तुझा हिशेब बरोबर आहे, अव्या. उत्तर चुकलंय." आणि आत गेलास. ही तुझी जुनी सवय. वाद अर्धा सोडून जेवायला बसायचं.

उत्तर काय ते तू सांगितलं नाहीस. मी पुढे दहादा तरी विचारलं असेल. मी चांगलं खोटं बोलू शकत नाही म्हणून माझी कीव केलीस? की खेळ लवकर संपू नये म्हणून? की आणखी काही? तू प्रत्येक वेळी त्याच पायरीवर मला उभं ठेवून आत गेलास.

मग मी सुधारणा करायला घेतली. माधवीकडून ब्लाउजपीसची एक पिशवी शिवून घेतली. सोंगट्या आत टाकायच्या, ज्याने त्याने हात घालून काढायची, तुझा हात मध्ये नकोच. तू विरोध केलास, आणि कसला मुद्दा काढलास! "पहिल्याला सगळ्या सोंगट्या मोकळ्या, शेवटच्याला एकच उरलेली. ही कसली समानता?" मी कागदावर मांडून दाखवलं, की पहिला काय आणि शेवटचा काय, काळी येण्याची शक्यता तितकीच. सगळ्यांनी एकदम काढल्या आणि नंतर एकेकाने मूठ उघडली, तर पहिला कोण आणि शेवटचा कोण? तू कागद बघितलास, घडी घातलीस आणि म्हणालास, "कागदावर ठीक आहे. तू शेवटी उभा राहून बघ एकदा." हे सात वर्षांच्या मुलाला कळतं रे, हेमंत. तुला कळत नव्हतं, की कळून घ्यायचं नव्हतं, ते मला शेवटपर्यंत समजलं नाही.

आणि त्या पिशवीचं पुढे काय झालं ते तू प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला सांगितलंस, तेव्हा इथेही येऊ दे. पहिल्या शनिवारी सावंतकाकांना लागोपाठ दोनदा पांढरी आली. तिसऱ्यांदा त्यांनी पिशवीत हात घातला आणि जरा जास्तच वेळ चाचपत राहिले. तू स्ट्रायकर बोटात फिरवत विचारलंस, "काका, मासे निवडताय काय?"

काका हसायला लागले. "अरे, काळ्यो नये सेटातल्यो आसत. कडेक बोट लागला की समाजता."

क्लबरूमच्या जुन्या सोंगट्यांतल्या काही हरवल्या होत्या, त्या जागी कुणीतरी नव्या आणून टाकल्या होत्या. काळ्या त्यातल्याच. ज्या माणसाने आयुष्यभर कॅरम खेळलं त्याच्या बोटाला नवी कड आणि झिजलेली कड वेगळी कळणारच. मी सगळी गणितं केली आणि सोंगटी हातात घेऊन बघितली नाही. "बघ," तू म्हणालास, "तुझ्या सरळ वाटपात फक्त काकांचा फायदा. माझ्या वाकड्या वाटपात कुणाचाच नाही." सगळे हसले. पिशवीत माधवीने लसूण ठेवला.

इराने फोनवरचं अॅप आणलं, तेही आठवतं. फोन हातोहात फिरवायचा, ज्याने त्याने आपली भूमिका वाचायची. खरं तर तेच सगळ्यात सरळ. पण फोनचा उजेड तोंडावर पडतो आणि वाचणाऱ्याचं तोंड सगळे बघतात. जिग्नेश काळी वाचून इतका खूश झाला की दोन चोरांपैकी एक लगेच सापडला. "अरे यार, मैं तो ऐसेच हसतो!" तो म्हणत राहिला. मग परत तुझी फेरी, परत उघड्या ओंजळी. मी हरलो होतो, पण पटलं नव्हतं.

तुझा आवाज जायला लागला तेव्हा खेळ तुमच्या बेडरूममध्ये आला. खेळायचं नको असं मी म्हणालो होतो, आणि वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तो आठवडाभर शनिवारची वाट बघतो." फेरी मारणं तुला शक्य नव्हतं. म्हणून आम्हीच एकेक करून पलंगाजवळ यायचो, तुझ्याकडे पाठ करायचो आणि हात मागे धरायचो. तू चादरीखालून सोंगटी काढून हातात ठेवायचास. "गाव झोपलं" तू इतक्या हळू म्हणायचास की आम्ही डोळे आधीच मिटून घ्यायचो.

शेवटच्या शनिवारी मी असाच पाठमोरा उभा होतो. मनात ठरवून आलो होतो, की आज पलंगाजवळ वाकलो की विचारायचं. तुझी बोटं गार होती. सोंगटी ठेवलीस आणि माझी मूठ तू तुझ्या हाताने बंद केलीस. मी मूठ पुढे आणून बघितली. पांढरी. मी विचारलं नाही. सगळे बघत होते, आणि तुला बोलायचा त्रास होत होता. तुझा शेवटचा स्पर्श मला पाठमोरा मिळाला, आणि त्या वेळी माझं लक्ष सोंगटीच्या रंगाकडे होतं.

आता शनिवारचं.

आधी खेळायचंच नाही असं सगळ्यांचं म्हणणं होतं. बोलावलं वहिनींनी. क्लबरूममध्ये आम्ही आलो तर स्ट्रायकर टेबलावर होता आणि कुणी त्याला हात लावत नव्हतं. तुझ्याशिवाय वाटणार कोण, हा एकच प्रश्न. काका म्हणाले, "त्याच्यासारख्या कोणाक जमाचा नाय." सगळ्यांच्या मनात होतं, की आज एकदा खेळायचं आणि मग बंद करायचं.

मी तयारी करून गेलो होतो. पूर्ण नवा सेट आणला होता, म्हणजे सगळ्यांच्या कडा सारख्या. आणि घरातून सहा स्टीलच्या वाट्या आणि एक जाड चादर. "जो स्ट्रायकर घेईल त्याने वाट्यांखाली सोंगट्या ठेवायच्या. तेव्हा बाकीचे बाहेर. मग दुसऱ्या एकाने येऊन वाट्या सरकवून जागा बदलायच्या. ठेवणाऱ्याला कुठे काय गेलं ते कळायला नको म्हणून त्याने भिंतीकडे तोंड करायचं. सरकवणाऱ्याला तर खाली काय आहे तेच माहीत नाही. मग ज्याने त्याने वाटी उचलायची. कुणालाच काही ठरवता येणार नाही."

"हेमंतला आवडलं नसतं," माधवी म्हणाली.

"माहीत आहे."

"स्ट्रायकर कोण घेणार?" इराने विचारलं.

सुजाता पुढे झाली. "मी घेते. कधीतरी मलाही बघू दे, चोर कोण ते. नेहमी मीच असते." आणि तिने तो उचलला. तिने सोंगट्या ठेवल्या, भिंतीकडे वळली, काकांनी वाट्या सरकवल्या. चादरीमुळे आवाज झाला नाही. आम्ही एकेक वाटी उचलली आणि खालची सोंगटी मुठीत घेतली. सरकवणाऱ्याने शेवटी घ्यायचं असं मीच ठरवलं होतं, म्हणून काकांना उरलेली.

मी मूठ उघडली. काळी.

खरं सांगतो, मला आनंद झाला नाही. इतकी वर्षं ज्यावर भांडलो ते हातात आलं आणि पहिला विचार आला तो कानांचा.

"गाव झोपलं," सुजाता म्हणाली. तिचा आवाज तुझ्यासारखा नाही, हॉस्पिटलच्या वॉर्डात हाक मारल्यासारखा आहे. पण डोळे मिटले गेले. "चोरांनी उठा."

मी डोळे उघडले. मिटलेल्या पापण्यांच्या त्या गोलात आणखी दोनच डोळे उघडे होते. वैशालीवहिनी.

त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे. काकांचं तोंड थोडं उघडं, जिग्नेशच्या कपाळाला आठ्या, माधवीने ओढणी घट्ट धरलेली. सगळं गाव झोपलेलं आणि आम्ही दोघंच जागे. वहिनींचे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी त्यांना हसू फुटलं. आवाज करायचा नाही हा नियम, म्हणून त्यांनी पदर तोंडात धरला. माझंही तेच झालं. तुला जाऊन जेमतेम महिना होतोय, आणि आम्ही दोघं तुझ्या क्लबरूममध्ये आवाज न करता हसतोय, रडतोय, सुजाता स्ट्रायकर छातीशी धरून आमच्याकडे बघतेय. मग वहिनींनी डोळे पुसले आणि बोटाने इराचं घर दाखवलं. मी मान हलवली.

सकाळी इरा लुटली गेली. तिने सोंगटी दाखवली तर ती राणी. गावाचा पोलीसच पहिल्या रात्री गेला. उरलो पाच: आम्ही दोघं चोर, आणि माधवी, काका, जिग्नेश. एक चुकीचा माणूस काढला की गाव हरलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. संशयाने नाही. "अविनाशभाई, तुमी बोला," जिग्नेश म्हणाला. "तुमी तर चोर नसताच."

हे ऐकलं आणि माझ्या लक्षात आलं, की तू इतकी वर्षं माझ्या मुठीत काय ठेवत होतास. एवढा विश्वास मी कमावलेला नव्हता. तू एकेक पांढरी देऊन तो साठवलास, आणि तो सगळा त्या क्षणी माझ्या हातात होता.

मी बोललो. कान लाल झाले नाहीत, निदान कुणी सांगितलं तरी नाही. मी म्हणालो, "काका आज शेवटचे. आपण सगळ्यांनी हात फिरवून, मनाला येईल ती वाटी उचलली. काकांना निवडच नव्हती. उरलेली घ्यावी लागली. आता तुम्हीच सांगा, सगळ्यांनी निवडून झाल्यावर जे उरतं ते काय असणार?"

तुझा मुद्दा, हेमंत. शब्दाला शब्द. मी तो आयुष्यात पहिल्यांदा मांडला, आणि खोटं बोलण्यासाठी मांडला. कोपऱ्यात बसलेल्या इराने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. बाहेर गेलेल्याने बोलायचं नाही. तिला ते कागदावरचं गणित मीच शिकवलं होतं. पण जिग्नेशने मान डोलावली, "बात तो सही आहे." माधवी माझ्याकडे क्षणभर बघत राहिली, मग तिनेही हात वर केला. वहिनींनी सगळ्यात शेवटी केला, अगदी नाइलाज झाल्यासारखा. पहिल्यांदाच चोर झालेली बाई, आणि काय ते काम!

"माका?" काका म्हणाले. "अरे मेल्या, माका?" आणि त्यांनी पांढरी सोंगटी टेबलावर आपटली.

मग मी मूठ उघडली आणि वहिनींनी उघडली. पुढची पाच मिनिटं काय आरडाओरडा झाला तो मी लिहू शकत नाही. वॉचमन येऊन बघून गेला. माधवी म्हणत होती, "या माणसाबरोबर मी घरात राहते!" जिग्नेश नुसता, "अविनाशभाई? अविनाशभाई?"

तुझा मुद्दा चालला, एवढंच कबूल करतो. बरोबर तो अजूनही नाही.

आवाज कमी झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "मलाही त्याने कधीच काळी दिली नव्हती. मीच सांगितलं होतं, तुला सगळं माहीत असताना तुझ्यासमोर खोटं बोलताना मला हसू येईल म्हणून."

मग मी जिन्यावरचं सगळं सांगितलं. तुझी वाटायची रीत, माझी तक्रार, तुझं न दिलेलं उत्तर. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. सुजाता ऐकत होती. स्ट्रायकर तिच्या हातातच होता.

"म्हणजे तुम्हा दोघांच्या वाटच्या पण आम्हालाच?"

"हो. आणि तुला जास्तच. तू छान खोटं बोलतेस म्हणून, असं त्याला वाटायचं."

"मजा यायची मला," ती म्हणाली. "नाही असं नाही. पण कधी दिवसभर ड्युटी करून यायचं, आणि इथे पुन्हा सगळ्यांची बोटं आपल्याकडेच. एखाद्या शनिवारी नको वाटायचं." तिने हातातला स्ट्रायकर उलटा केला. "विचारायचं होतं ना त्यांनी एकदा."

वहिनींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. हेमंत, तू असतास तर यावर काय म्हणाला असतास, मला माहीत नाही. मी जिन्यावर हेच विचारलं होतं, पण हिशेबातली चूक म्हणून विचारलं होतं. ती चूक शनिवारी पहिल्यांदा स्वतः बोलली. तुझी आठवण काढताना हेही त्यात असायला हवं, म्हणून लिहितो. तू असतास तर तुझ्या दारात उभं राहून सांगितलं असतं आणि या वेळी तुला आत जाऊ दिलं नसतं.

वहिनी सवयीने चहाला उठल्या. काकांनी त्यांना खाली बसवलं. "तुमी चोर. बसा गप. हरलो तो गाव."

गाव कोपऱ्यातल्या शेगडीकडे गेलं. काका दूध ओततात, जिग्नेश आलं किसतो, माधवी दोघांना ओरडते. आम्ही दोघं चोर बाकावर शेजारी बसलो. मी हळूच विचारलं, "वहिनी, तुमचं कळलं. मला का दिली नाही त्याने?"

त्या शेगडीकडे बघत म्हणाल्या, "तो म्हणायचा, काळी दिली की अव्या गप्प होतो. मग मी शनिवारी भांडण कुणाचं ऐकू?"

हे खरं असेल. खरं असलं तर इतकी वर्षं मी ज्याला कीव समजत होतो ती कीव नव्हती, तुला फक्त माझी बडबड ऐकायची होती, आणि त्यासाठी तू सरळ खेळ वाकडा केलास. पण हेही नोंदवतो, की हे सांगताना वहिनींच्या मुठीत अजून काळी सोंगटी होती, आणि थोड्या वेळापूर्वीच त्यांनी काय सफाईने हात वर केला होता ते मी पाहिलं आहे. विश्वास किती ठेवायचा ते मी अजून ठरवलेलं नाही. ठेवणार आहे बहुतेक.

पुढच्या शनिवारी पुन्हा खेळायचं ठरलं आहे. ठरवायला कुणी बसलंही नाही. "पुढच्या वेळी बघते तुम्हाला," माधवी मला म्हणाली, आणि ठरलं. वाट्या तिथेच ठेवल्या आहेत. आता माझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. मी कितीही खरं बोललो तरी जिग्नेश माझ्या कानांकडे बघत बसेल. तू साठवलेलं सगळं मी एका संध्याकाळी खर्च करून टाकलं. त्याचं मला वाईट वाटत नाही. सात जणांत मी आता सातवा हिस्सा आहे, बाकीच्यांइतकाच. मला हवं होतं ते हेच. तुझ्या हातातून मिळालेलं मात्र ते नाही, आणि तो हात मला परत मिळणार नाही.

चहा झाला. गावाने केला, चोरांना दिला, हिशेब चुकता. पहिला कप स्ट्रायकरवाल्याचा. तू तो नेहमी समोर ठेवून बोलत बसायचास आणि साय धरल्यावर प्यायचास. काकांनी कप बशीत ठेवून दोन्ही हातांनी आणला आणि सुजाताला दिला. तिने स्ट्रायकर मांडीवर ठेवला, कप घेतला आणि गरम असतानाच प्यायली.